सातबारा नसलेल्या पाण्यातल्या पवनचक्क्या

कोकण किनाऱ्यासमोर पाण्यात आज एकही पवनचक्की उभी नाही आणि येत्या चार-पाच वर्षांत उभी राहील अशी चिन्हेही नाहीत. केंद्र सरकारचे समुद्री पवनऊर्जा धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आले. त्यानंतर अभ्यासासाठी निवडलेले पट्टे होते गुजरातेत खंभातच्या आखातातले आणि तमिळनाडूत मन्नारच्या आखातातले. वारा मोजणारे पहिले लायडार यंत्र २०१७ च्या अखेरीस पिपावावसमोर सुमारे २३ किलोमीटर आत बसवले गेले. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची अर्थसाहाय्य योजना मंजूर केली, तीही याच दोन राज्यांसाठी, प्रत्येकी ५०० मेगावॉटची. महाराष्ट्र या यादीत नाही, कारण आपल्याकडचा वारा वर्षाच्या सरासरीत त्या दोन ठिकाणांपेक्षा कमी भरतो.

मग नसलेल्या गोष्टीवर आत्ताच काथ्याकूट कशाला, असे कुणी विचारील. कोकणाचा अनुभव असा की प्रकल्पाची खबर गावात पोहोचते तेव्हा नकाशावर रेघा मारून झालेल्या असतात, मोजणीदार दारात उभा असतो आणि गावाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे उरते. अटी घालण्याची, जागा बदलून मागण्याची, भागीदारी मागण्याची वेळ त्याआधीची असते. पाण्यातल्या पवनचक्क्यांच्या बाबतीत आपण आज नेमके त्या वेळेत आहोत.

माझे म्हणणे असे की किनाऱ्यावरचा माणूस पवनचक्कीला अनुकूल की प्रतिकूल हे त्याच्या पर्यावरणप्रेमावरून ठरणार नाही. खांब कोणत्या पाण्यात, काम कोणत्या महिन्यांत, कोणत्या जाळ्याच्या वाटेत आणि पैसे कुणाच्या खात्यात, यावरून ठरेल. आणि ते तसेच ठरायला हवे. याची उत्तरे जागा पक्की होण्याआधी मिळाली नाहीत तर विरोध होईल आणि तो विरोध रास्त असेल.

‘कोकणी माणूस प्रत्येक प्रकल्पाला आडवा जातो’ हे वाक्य मुंबईच्या कार्यालयांत फार सहज फेकले जाते. ज्या प्रकल्पांना तो आडवा गेला ते जरा पाहावेत. एन्रॉनशी १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणे थांबवले, कारण तो दर मंडळाला झेपेना. त्या दराबद्दल शंका घेणारे गुहागरचे लोक अडाणी ठरवले गेले होते. जैतापूरला ९,९०० मेगावॉटची अणुभट्टी ठरली तेव्हा जमीन माडबन परिसरातली गेली, पण धास्ती सर्वांत जास्त साखरी नाट्याला होती. तिथल्या मच्छिमारांच्या नावावर संपादन करण्यासारखी जमीनच नव्हती. त्यांचे जे जाणार होते ते भट्टीच्या गरम पाण्यामुळे बदलणारे समुद्राचे पाणी. एप्रिल २०११ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये मागे घेतली गेली, २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणावरून पुन्हा तेच. वाढवण बंदराला ७६,२२० कोटींची मंजुरी मिळाली ती डहाणूच्या मच्छिमारांचा विरोध जुना झाल्यावर. या सगळ्यांत एक दोष समान आहे. जमिनीला सातबारा असतो, म्हणून जमीनमालकाशी निदान बोलावे तरी लागते. समुद्राला सातबारा नाही, म्हणून तिथे कुणाशीच बोलायचे नसते असे गृहीत धरले जाते. पवनचक्क्यांच्या प्रकल्पात तर जवळजवळ सगळी ‘जागा’ पाण्यातलीच.

समुद्री पवनऊर्जेबद्दल परदेशी अनुभवातून आपल्याकडे सर्वांत आधी येऊन पोहोचणारा मुद्दा म्हणजे दृश्य. किनाऱ्यावरून क्षितिज बिघडते म्हणून लोक विरोध करतात, असे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सजवळचा केप विंड हा १३० पवनचक्क्यांचा प्रकल्प २००१ मध्ये मांडला गेला आणि खटले लढत लढत २०१७ मध्ये सोडून द्यावा लागला. समोरच्या किनाऱ्यावर श्रीमंतांचे बंगले होते. उलट कोपनहेगनजवळच्या मिडलग्रुन्डेन प्रकल्पाची मूळ मांडणी तीन रांगांत २७ पवनचक्क्यांची होती. लोकांच्या हरकतींनंतर ती एका वळणदार रांगेतल्या २० वर आली, निम्मी मालकी साडेआठ हजारांवर सभासद असलेल्या सहकारी संस्थेकडे गेली आणि शहरापासून जेमतेम साडेतीन किलोमीटरवर ती रांग २००० सालापासून उभी आहे.

कोकणात मात्र हा मुद्दा दुय्यम राहील असे वाटते. हिशेबच करू. आजच्या १५ मेगावॉटच्या यंत्राच्या पंख्याचा व्यास २३६ मीटर आणि पात्याच्या टोकापर्यंतची उंची सुमारे २८० मीटर. ते किनाऱ्यापासून २५ किलोमीटरवर असेल तर हात लांब करून धरलेल्या पट्टीवर ७ मिलिमीटर दिसेल. ८ किलोमीटरवर असेल तर २३ मिलिमीटर. पावसाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या धुरकट हवेत २५ किलोमीटरवरचे काही दिसणारच नाही. तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगरच्या घरगुती निवासवाल्यांनी चिंता करायची तर ती रात्रीच्या लाल दिव्यांची करावी. विमानांसाठी लावलेले ते दिवे सगळे एकदम लुकलुकतात. विमान जवळ आल्यावरच पेटणारी यंत्रणा मिळते, ती करारात मागून घ्यावी. बाकी देवगडकरांनी कड्यावरच्या पवनचक्क्या इतकी वर्षे पाहिल्या आहेत. तिथे पर्यटक फोटो काढायला जातात.

खरा पेच पाण्याखाली आहे.

५०० मेगावॉटला १५ मेगावॉटची ३४ यंत्रे लागतात. दोन यंत्रांत पंख्याच्या व्यासाच्या सातपट, म्हणजे सुमारे १.६५ किलोमीटर अंतर ठेवावे लागते, नाहीतर पुढच्या यंत्राने वापरलेला वारा मागच्याला मिळत नाही. म्हणजे ढोबळमानाने १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद पाणी. तळात रोवलेले खांब साधारण ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत परवडतात, बोट हाकणाऱ्या आपल्या तांडेलांच्या मापात २७ ते ३३ वाव. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांची बरीचशी मासेमारी याच किंवा याहून उथळ पाण्यात चालते.

कंपनीचे सादरीकरण सांगते की मधल्या सुमारे १.६५ किलोमीटरच्या मोकळ्या पाण्यात मासेमारी करता येईल. हे अर्धसत्य आहे, आणि उरलेले अर्धे जाळ्यावर अवलंबून आहे. वाहते गिलनेट घ्या. दोन-तीन किलोमीटर लांबीचे जाळे संध्याकाळी सोडतात आणि होडी त्याच्या टोकाला बांधून प्रवाहाबरोबर जाऊ देतात. एक नॉट, म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर, प्रवाह धरला तरी चार तासांत ते सात किलोमीटरच्या वर सरकते, म्हणजे खांबांच्या चार रांगा ओलांडते. ते कुठल्या ना कुठल्या खांबाला अडकणार हे सांगायला तज्ज्ञ नको. पर्ससीनवाल्याला मासळीच्या थव्याभोवती गोल फिरून जाळे आवळायचे असते. जाळे आवळेपर्यंत प्रवाह थांबत नाही. ट्रॉलरच्या फळ्या तळ नांगरत जातात. वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या तारा दीड-दोन मीटर पुरलेल्या असल्या तर सहसा बाधत नाहीत, पण वाळू सरकली की तार उघडी पडते. अमेरिकेतल्या ब्लॉक आयलंडच्या ३० मेगावॉटच्या छोट्या प्रकल्पात किनाऱ्याजवळची तार पुरेशी खोल न पुरल्याने उघडी पडली आणि पुन्हा पुरावी लागली. उत्तर कोकणातली, पालघर-वसई-उत्तनची डोल जाळी तर तळात खुंट ठोकून एका जागी बांधलेली असतात. भरती-ओहोटीचा ओघ मासळी आत ढकलतो. डोल खांबांच्या मध्ये राहू शकते, पण खुंट ठोकायची जागा आणि तारेची जागा एकच निघाली तर? त्या जागांना कव म्हणतात; त्या पिढ्यानपिढ्या वाटून घेतलेल्या आहेत आणि त्यांवरून गावागावांत आजही भांडणे होतात. एका गावाची कव हलवली की शेजारच्या गावाशी तंटा उभा राहतो, जो कंपनीच्या अहवालात कुठेच दिसणार नाही. गळाने, लाँगलाइनने मासे धरणाऱ्याला मात्र खांबांचा फायदाच होईल. खांबांच्या बुडाशी कालवे-शिंपले धरतात, त्यामागे मासळी येते. रापण किनाऱ्यालगतची, तिला खांबांशी देणेघेणे नाही, पण तार किनाऱ्यावर जिथे चढते तिथे आहे.

म्हणजे ‘मच्छिमारांचे मत काय’ हा प्रश्नच चुकीचा आहे. जाळ्यागणिक मत वेगळे असणार. आणि मासेमारी न करता नुसते पलीकडे जायचे असले तरी मुभा आहे का, हा वेगळाच प्रश्न. देशोदेशी नियम निरनिराळे आहेत: ब्रिटनमध्ये काम चालू असताना खांबाभोवती ५०० मीटर बंदी आणि नंतर पवनचक्क्यांमधून जाता येते, नेदरलँड्सने २०१८ पासून २४ मीटरपर्यंतच्या बोटींना जाऊ दिले, जर्मनी जवळपास बंदीच ठेवते. आपल्याकडे नमुना म्हणून मुंबई हाय आहे. तिथे तेलफलाटांभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते, आणि मासळी नेमकी फलाटाच्या सावलीत जमते, म्हणून बोटी जवळ जातात आणि हाकलल्या जातात. पवनचक्क्यांच्या १०० चौरस किलोमीटरला नौदल आणि तटरक्षक दलाने तोच नियम लावला तर होणारा वळसा मोजता येतो. जाताना-येताना मिळून १६ किलोमीटर जास्तीचे धरू, बोट ताशी १३ किलोमीटर, इंजिन तासाला १८ लिटर डिझेल पिणारे. फेरीमागे सव्वा तास आणि २२ लिटर, म्हणजे सुमारे दोन हजार रुपये. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या छोट्या बोटीच्या नफ्यातला हा मोठा घास आहे. म्हणून आरपार जाण्याचा हक्क भाडेपट्ट्यातच लिहिला गेला पाहिजे. ‘सुरक्षेच्या कारणास्तव नंतर ठरवू’ असे लिहिले की ते कधी ठरते हे आपल्याला ठाऊक आहे.

आता महिन्यांचा प्रश्न. याकडे अजून फारसे कुणी पाहिलेले दिसत नाही आणि कोकणापुरता तो सर्वांत अवघड आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. कुणालाही वाटेल की मग खांब या काळात ठोकावेत, बोटी तशाही बंदरात नांगरलेल्या असतात. पण तेव्हा रत्नागिरीसमोर लाटा तीन मीटरच्या वर असतात. माणसे यंत्रावर चढवणारी छोटी बोट दीड मीटरच्या लाटेपर्यंतच काम करते. हलता पूल लावलेले मोठे जहाज त्याहून थोडे अधिक सोसते, पण क्रेनने हजार-दीड हजार टनांचा खांब उभा करणे पावसाळी समुद्रात शक्य नाही. म्हणजे बांधकामाचा मोसम ऑक्टोबर ते मे. मासेमारीचाही मोसम तोच. दोन-तीन हंगाम ही टक्कर होणार, आणि ती टाळण्याची युक्ती नाही. त्यामुळे बांधकामकाळाची भरपाई ही मेहेरबानी नसून प्रकल्पखर्चाचा भाग आहे, आणि ती बजेटमध्ये पहिल्या पानावर दिसली पाहिजे.

पावसाळ्याचा दुसरा फटका खुद्द कंपनीला आहे. आपला वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरदार आणि हिवाळ्यात मंद. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा ज्या तीन महिन्यांत, त्याच तीन महिन्यांत यंत्र बिघडले तर माणूस चढवता येत नाही. जूनमध्ये एखादा बेअरिंग सेन्सर किंवा पात्याचा कोन बदलणारी मोटर गेली तर दुरुस्ती सप्टेंबरपर्यंत लांबू शकते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात २००४ मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रांत दोष निघाले आणि सगळ्या ८० यंत्रांचे शीर्षभाग उतरवून किनाऱ्यावर आणावे लागले होते. तिथे निदान उन्हाळा शांत असतो. त्यात आता निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) पाहिलेला हा किनारा. वादळात पाती मिटवून यंत्राचे तोंड वाऱ्याकडे वळवत राहावे लागते आणि त्याला वीज लागते. वादळात नेमकी ग्रिड पडते. बॅटरीची किंवा जनित्राची राखीव सोय किती तासांची, हा प्रश्न जनसुनावणीत एखाद्या खलाशाने विचारला तर हसू नये. तुटलेले पाते किनाऱ्यावर कसे येते हे अमेरिकेतल्या नँटकेट बेटाने जुलै २०२४ मध्ये पाहिले आहे.

मग ही वीज हवीच कशाला? जून २०२४ च्या योजनेत १,००० मेगावॉटच्या उभारणीसाठी ६,८५३ कोटी, म्हणजे मेगावॉटला जवळपास ६ कोटी ८५ लाख फक्त मदत आहे. जमिनीवरचा सौर प्रकल्प एवढ्या पैशांत पूर्ण उभा राहतो आणि थोडे उरतातही. त्या हजार मेगावॉटकडून वर्षाला ३७२ कोटी युनिट अपेक्षित आहेत, म्हणजे यंत्रे क्षमतेच्या ४२ टक्के चालतील असे धरले आहे. कोकणातल्या वाऱ्यावर तेवढे धरता येणार नाही. युनिट महाग पडेल. पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात, मागणीही उतरते. पण त्याच महिन्यांत ढगांमुळे सौरवीज कमी पडते आणि जसजशी सौरवीज वाढत जाईल तसतशी पावसाळ्यातली, रात्रीची वीज मोलाची होत जाईल. जयगड आणि डहाणूत कोळसा जाळूनच वीज होते, त्याची राख-धूरही कोकणच खाते. त्यामुळे मी ‘नको’ म्हणणार नाही. घाई नको म्हणेन. गुजरातेत पहिली यंत्रे फिरू द्यावीत, दर कळू द्यावा. एन्रॉनच्या वेळी आपण देशात पहिले होतो. या वेळी तिसरे-चौथे असलो तर काही बिघडत नाही.

नोकऱ्यांच्या आश्वासनावर तर फार विसंबू नये. ११५ मीटरची पाती आणि शेकडो टनांचे शीर्षभाग ठेवायला जो धक्का लागतो तो कोकणातल्या लहान बंदरांत नाही; जुळणी जेएनपीए, जयगड, दिघीसारख्या ठिकाणी किंवा परराज्यात होईल. यंत्रे सुरू झाल्यावर ५०० मेगावॉटच्या देखभालीला काही डझन ते शंभर-सव्वाशे माणसे पुरतात. त्यांतल्या बोटींवरच्या जागा, तांडेल, इंजिन ड्रायव्हर, पहारा-बोटी, या स्थानिकांना मिळू शकतात, पण त्यासाठी लागणारी सागरी सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आधी दोन वर्षे काढून द्यावी लागतील. आयत्या वेळी ‘पात्र उमेदवार मिळाले नाहीत’ हे ठरलेले उत्तर असते.

भरपाईचा अनुभव उरणकडून घ्यावा. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० मच्छिमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत असा निकाल दिला. जेएनपीए बंदराचे काम आधी झाले होते आणि मासेमारी बुडाल्याचे सिद्ध करण्याचा भार कुटुंबांवर आला होता. हे उलटे व्हायला हवे. मोजणी आधी. किमान तीन मोसमांची, बंदरागणिक, जाळ्यागणिक: किती बोटी, कोणत्या महिन्यांत, किती वावांत, काय उतरले, लिलावात काय भाव. मच्छिमार सहकारी सोसायट्यांकडे डिझेल परताव्यासाठी बोटींच्या नोंदी असतात, बोटींवर आता ठिकाण कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसू लागले आहेत. माहिती जमवणे अशक्य नाही. मात्र आपल्या मासेमारीच्या जागा कागदावर देणे हे तांडेलाच्या दृष्टीने तिजोरीची किल्ली देण्यासारखे आहे. ती माहिती सोसायटीच्या ताब्यात राहील, सरकारला आणि कंपनीला केवळ एकत्रित नकाशा मिळेल, असे लेखी नसेल तर खरी जागा कुणी सांगणार नाही, आणि का सांगावी?

आणखी एक अडचण अशी की भरपाई बोटीच्या मालकाला मिळते, कारण नोंदणी त्याच्या नावावर असते. खलाशाला, त्यात नेपाळहून आलेलाही असतो, काही मिळत नाही. मासळी उतरवून, निवडून, सुकवून विकणाऱ्या बायकांचे तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नाव नसते. सातपाटीपासून हर्णैपर्यंतच्या लिलावांवर ज्यांचे घर चालते त्यांना बर्फ कारखान्याच्या हिशेबातूनही कुणी मोजत नाही. एकरकमी भरपाई मालकांत वाटली गेली तर प्रकल्पाला ‘गावाचा पाठिंबा’ आहे असे दिसेल आणि अर्धे गाव गप्प बसलेले असेल. त्यापेक्षा दर युनिटमागे ठरावीक पैसे बंदराच्या निधीत दरवर्षी जमा व्हावेत, त्यातले किती खलाशांना, किती विक्रेत्या बायकांना हे आधी लिहून. डेन्मार्कने २००८ च्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या प्रकल्पांत निदान २० टक्के हिस्सा स्थानिकांना देऊ करणे कंपन्यांवर बंधनकारक केले होते. आपल्याकडे सहकाराची परंपरा त्यांच्याहून कमी नाही. निम्मे बंदर सोसायटीवर चालते.

लोकांना विचारण्याची पद्धतही पाहायला हवी. पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत नाही, त्यामुळे औष्णिक प्रकल्पासारखी जनसुनावणी इथे आपोआप लागू होईल असे समजू नये. ती मागावी लागेल. मागितली तर वेळही सांगावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी अकराला जिल्ह्याच्या ठिकाणी सभा घेतली तर बोटीवरचा माणूस येणार नाही, पुढारी येतील. जून-जुलैत बोटी शाकारलेल्या असतात, जाळी विणत माणसे बंदरावर बसलेली असतात. सभा तेव्हा, संध्याकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये घ्यावी. इंग्रजी अहवालाचे चारशे पानी बाड नको. एक मोठा नकाशा हवा, त्यावर खोली वावांत, बंदरांची आणि खुणांची नावे गावात म्हणतात तशी. सर्वेक्षणात ‘समुद्रात पवनऊर्जा हवी का’ असे विचारले तर बहुतेक जण हो म्हणतील. ‘तुमच्या बंदराच्या वायव्येला १५ वाव पाण्यात हवी का’ असे विचारले की त्याच माणसांचे उत्तर वेगळे येते. पहिले उत्तर खोटे नसते, ते फक्त उपयोगाचे नसते. युरोपात वारंवार दिसलेला नमुना असा: आधी पसंती, नियोजनाच्या काळात मोठी घसरण, उभारणीनंतर पुन्हा काहीशी चढ. कंपन्या शेवटची चढ दाखवून मधली घसरण ‘तात्पुरती’ म्हणतात. मच्छिमाराचे कर्जाचे हप्ते त्या मधल्या काळातच असतात.

निसर्गाच्या बाजूने फार लांबण लावत नाही. हातोड्याने खांब ठोकण्याच्या आवाजाला जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे, ती पाळायला हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात डॉल्फिन किनाऱ्याला लागून फिरतात, तेव्हा मर्यादा हवीच. तळ जिथे मऊ चिखलाचा आहे तिथे हातोड्याशिवाय शोषणाने बसणारा पाया तपासावा. तार वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर चढवू नये. अंडी घालण्याचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल आणि कामाचाही तोच. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. भर समुद्रात वीस-पंचवीस मीटर खोलीचा विस्तीर्ण उथळ तळ पाहून कुणा अभियंत्याचे डोळे चमकतील. तिथे प्रवाळ आहेत. त्या जागेला आधीच नकाशावरून वगळावे.

दोष एका बाजूचाच आहे असेही नाही. मच्छिमार संघटनांनी ‘आमचा सर्वच प्रकल्पांना विरोध’ हा ठराव काढून ठेवला की पुढचे बोलणे त्यांच्यावाचून होते. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला मोसमाची आणि क्षेत्राची मर्यादा घातली तरी पर्ससीन आणि पारंपरिक यांचे भांडण मिटलेले नाही. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी असूनही ती चालते. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात ट्रॉलर आणि पर्ससीन आपोआप शिरू शकणार नाहीत. लहान डोल-गळवाल्यांनी हे ओळखून पट्ट्याची जागा, आकार आणि आतले मासेमारीचे हक्क आपणहून मागितले तर १०० चौरस किलोमीटरची राखीव जागा त्यांच्या बाजूने पडू शकते. ट्रॉलरवाले अर्थातच हे मान्य करणार नाहीत. म्हणून ‘मच्छिमारांचा प्रतिनिधी’ एक माणूस असता कामा नये. प्रत्येक जाळ्याचा वेगळा हवा, आणि त्यांच्यात मतभेद झाले तर ते इतिवृत्तात तसेच लिहिले जावेत.

शेवटची अट बहुतेक करारांत मागच्या पानावर असते. यंत्राचे आयुष्य २५ वर्षांचे. डेन्मार्कचा विंडेबी, ४५० किलोवॉटच्या ११ यंत्रांचा जगातला पहिला समुद्री प्रकल्प, १९९१ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये काढून नेला. मोठे खांब मात्र सहसा पूर्ण उपसत नाहीत, तळाच्या थोडे खाली कापतात. आपल्या किनाऱ्यावर चिखल-वाळू एका पावसाळ्यात एवढी सरकते की कापलेले बुंधे वर येऊ शकतात आणि मग जाळी फाटणार ती तेव्हाच्या तांडेलाची, जेव्हा कंपनी दोनदा विकली गेलेली असेल. तेव्हा काढून नेण्याचा खर्च पहिल्या वर्षापासून वेगळ्या खात्यात, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहीशिवाय निघणार नाही असा ठेवावा, दर पाच वर्षांनी तळाची मोजणी कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि प्रत्येक बुंध्याचे व तारेचे स्थान जीपीएसमध्ये भरता येईल अशा स्वरूपात सोसायटीला मिळावे.